उंदराचा सांगाती

पिंपरी, निगडी, आकुर्डी किंवा चाकणकडच्या नव्या वसाहती यांतील सुशिक्षित घरांत अलीकडे एक प्रश्न अधूनमधून कानावर येऊ लागला आहे. मुलाने हट्ट धरून दुकानातून लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर आणलेला असतो. त्याचा पिंजरा, त्याचे दाणे, त्याची पाण्याची बाटली यांची व्यवस्था लागते. आणि मग आठपंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतो की, हा एकटाच का? याला जोडीदार नको काय? वडील म्हणतात, एकाचेच पुष्कळ झाले. आई म्हणते, दोन आणले तर दोहोंचे वीस व्हावयास वेळ लागणार नाही. मुलगा म्हणतो, मी आहे की त्याच्या सोबतीला! वरवर पाहणारास हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तथापि या प्राण्याचे आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे. ते सर्वच्या सर्व कसे जावयाचे हे पिंजऱ्याची कडी ज्याच्या हातात आहे तो ठरवितो. म्हणून त्याने उत्तर देण्यापूर्वी थोडा विचार केला तर तो व्यर्थ जाणार नाही.

प्राणिशास्त्रज्ञ याचे उत्तर आपल्या रीतीने देतीलच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकासही येथे काही सांगण्यासारखे आहे. आणि चिंचवडच्या परिसरात राहणारास तर विशेषच आहे. कारण उंदीर आणि माणूस यांच्या संबंधाच्या इतिहासातील काही मोठी प्रकरणे या पवनेकाठच्या भूमीला स्पर्श करून गेली आहेत. त्या इतिहासाचा सारांश असा की, उंदरांच्या एकत्र राहण्याला माणसाने एके काळी रोगाचे मूळ मानले. त्याच आरोपाची चौकशी शास्त्रज्ञांनी केली तेव्हा तो सहवास निर्दोष ठरला. आणि पुढे त्याच शास्त्राच्या दुसऱ्या शाखेने तो सहवास उंदराच्या जीविताचा आधार असल्याचे दाखवून दिले. हा क्रम प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठीतील 'उंदीर' हा शब्द फार सैल आहे. माळ्यावर खुडबुड करणारा काळा उंदीर, गटारातला धिप्पाड तपकिरी उंदीर, डब्याफडताळांत शिरणारा बोटाएवढा उंदीर आणि शेतातील बिळांत राहणारे निरनिराळे उंदीर, हे सर्व त्या एका नावात मावतात. घुशीला तेवढे आपण वेगळे नाव दिले आहे. आणि चिचुंद्री ही उंदरांच्या कुळातली मुळीच नसताना तिला मात्र त्यांच्या पंक्तीस बसविले आहे. दुकानात मिळणारा मोठा पांढरा उंदीर हा गटारातल्या तपकिरी उंदराचा, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली निपजलेला वंशज होय. त्याच दुकानात बोटाएवढे पांढरे उंदीरही असतात. त्यांची जात निराळी, आणि त्यांतील नर मोठे झाले म्हणजे एकमेकांचे लचके तोडण्यास कमी करीत नाहीत. पुढील सर्व विवेचन मोठ्या जातीच्या उंदराविषयी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हा प्राणी स्वभावतःच गोतावळ्याचा आहे. पिले जन्मतात ती आंधळी, केसविरहित आणि स्वतःच्या अंगाची ऊब राखण्यास असमर्थ. एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडल्यानेच ती जगतात. एकाच वसाहतीतील माद्या पुष्कळदा आपली पिले एका घरट्यात ठेवतात आणि एकमेकींच्या पिलांस पाजतात. मोठे उंदीरही अंगाला अंग लावून झोपतात, एकमेकांची मान आणि पाठ चाटून स्वच्छ करतात, आणि लहानपणी तर तासन्‌तास लुटुपुटीची कुस्ती खेळतात. नवे अन्न दिसले की उंदीर बिचकतो. परंतु सोबत्याच्या श्वासाला त्या अन्नाचा वास आला तर हे खाऊन जिवंत राहता येते असे ओळखून तो ते खातो. कॅनडातील बेनेट गॅलेफ या मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध केली आहे. म्हणजे उंदराच्या दृष्टीने सोबती हा केवळ करमणुकीचा विषय नसून ऊब, स्वच्छता आणि शहाणपण यांचा साठा आहे.

आपल्या मनात मात्र एकट्या उंदराचे चित्र फार खोल ठसलेले आहे. आणि त्याला कारण आपला गणपती. चिंचवड हे मोरया गोसावींचे गाव. पवनेच्या काठी त्यांची समाधी आहे, आणि येथून भाद्रपदात व माघात मंगलमूर्तींची पालखी मोरगावास जाते. गणेशमूर्तीच्या पायाशी हाती मोदक धरून बसलेला उंदीर महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो, आणि तो नेहमी एकच असतो. देवळात दगडी मूषकाच्या कानाशी लागून आपले गाऱ्हाणे सांगणारी माणसेही आपण पाहतो. धन्याच्या पायाशी एकटा बसलेला, धन्याशिवाय ज्याला दुसरे कोणी नाही आणि तशी इच्छाही नाही, असा हा सेवक आपल्या कल्पनेत इतका रुजला आहे की, पिंजऱ्यातला एकटा उंदीर पाहून आपल्याला काही उणे आहे असे वाटतच नाही. मूर्तिकाराला एकच वाहन कोरावयाचे होते. त्यावरून खऱ्या उंदराच्या गरजा ठरविणे योग्य नव्हे.

आता या इतिहासातील दुःखद प्रकरणाकडे वळू. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि काही महिन्यांतच ती साथ घाट चढून पुण्यास आली. ग्रंथिक सन्निपात, गाठीचा ताप, मरी अशा नावांनी लोक तिला ओळखू लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, आणि वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे पुण्याच्या बंदोबस्ताची सूत्रे आली. मार्चपासून मेपर्यंत जे चालले ते पुणेकरांच्या स्मृतीतून पुसले गेलेले नाही. गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडती घ्यावी, आजाऱ्यास इस्पितळात न्यावे, आणि ज्या घरात आजारी सापडला त्या घरातील धडधाकट माणसांस विलगीकरणाच्या छावणीत नेऊन ठेवावे, असा तो क्रम होता. सामानाची नासधूस झाली, देवघरे विटाळली, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली, अशा तक्रारी त्या वेळच्या वृत्तपत्रांतून पदोपदी आढळतात. परंतु सामान्य कुटुंबाच्या काळजाला सर्वांत अधिक घर करून राहिली ती ताटातूट. इस्पितळात नेलेला माणूस पुन्हा दिसेल याची शाश्वती नाही, शेवटच्या वेळी त्याच्या तोंडात पाणी घालावयास आपले कोणी नाही, या भीतीने लोक आजारी माणसे लपवू लागले; आणि लपविल्याने रोगाचा बंदोबस्त अधिकच कठीण झाला.

या असंतोषाच्या पोटी जे घडले त्याचा चिंचवडशी असलेला संबंध सर्वविश्रुत आहे. १८९७ च्या २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तेव्हाच मरण पावला. रँड ३ जुलैस वारला. हे कृत्य करणारे दामोदर व बाळकृष्ण चापेकर हे बंधू मूळचे चिंचवडचे, कीर्तनकार हरिपंत चापेकर यांचे पुत्र. दामोदरपंतांस १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात बाळकृष्ण, धाकटा भाऊ वासुदेव आणि त्यांचे सोबती महादेव रानडे हेही फासावर गेले. चापेकरांच्या कृत्यामागे प्लेगचा जुलूम हे एकच कारण नव्हते. त्यांचा परकी सत्तेवरील राग त्याआधीपासून धुमसत होता. परंतु ज्या लोकमताच्या आगीवर ही ठिणगी पडली ती आग घराघरांतील ताटातुटीने पेटलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता येथे उंदीर कोठे आला? तर तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, आणि सरकारी बंदोबस्ताचे मुख्य लक्ष मात्र त्याच्याकडे नव्हते. 'उंदीर पडले' हा त्या काळचा मराठी घरातला भयंकर वाक्प्रचार होय. माळ्यावरून, आढ्यावरून मेलेले उंदीर खाली पडू लागले की मरी येणार, हे खेड्यातील निरक्षर म्हाताऱ्यांसही ठाऊक झाले होते. उंदीर पडले की गावे ओस पडत. लोक माळावर किंवा शेतात झोपड्या घालून महिनोन्‌महिने राहत. हा उपाय पुढे शास्त्रानेही उचित ठरविला. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, माळावर जाणारे कुटुंब सगळेच्या सगळे एकत्र जाई. ते घरापासून दूर होई, एकमेकांपासून दूर होत नसे. हा भेद किती महत्त्वाचा होता हे कळावयास मात्र आणखी काही वर्षे जावी लागली.

प्लेगचा सूक्ष्म जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सँ याने शोधून काढला होता. परंतु तो एका प्राण्यातून दुसऱ्यात कसा जातो याविषयी बराच काळ अंधार होता. कोणी म्हणे, तो जमिनीतून येतो. कोणी म्हणे, मळातून, अन्नातून, श्वासातून येतो. पुष्कळांचा तर्क असा की, उंदीर दाटीवाटीने, एकमेकांना चिकटून, एकमेकांचे उष्टे खाऊन राहतात, त्या निकट सहवासातच रोगाचा प्रसार आहे. माणसांना जो न्याय छावणीत लावला होता तोच येथे उंदरांना लावला जात होता.

या तर्काची परीक्षा प्रथम पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने केली. १८९८ च्या २ जूनला कराचीस त्याने केलेला प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. एका मोठ्या काचेच्या बरणीत त्याने प्लेगने आजारी व पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला, आणि त्याच बरणीत जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा परस्परांस स्पर्श होणे शक्य नव्हते. आजारी उंदीर मेला. त्याच्या थंड पडलेल्या देहावरून पिसवा उडाल्या. आणि काही दिवसांनी जाळीतला उंदीरही प्लेगने मेला. याच्या उलट प्रयोग त्याने केला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. ज्याच्या अंगावर एकही पिसू नाही असा आजारी उंदीर त्याने निरोगी उंदरांबरोबर एकाच बरणीत ठेवला. ते एकत्र राहिले, एकत्र झोपले. आजारी मेला, आणि बाकीच्यांस काहीही झाले नाही.

सिमाँच्या म्हणण्यावर त्या वेळी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. त्याचा निर्णायक पडताळा आपल्या मुंबईतच झाला. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात १८९९ साली हाफकिन यांची प्लेग संशोधनशाळा आली होती. तीच पुढे १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०५ पासून येथे प्लेग संशोधन आयोगाने काम आरंभिले. ग्लेन लिस्टन प्रभृती शास्त्रज्ञांनी मुद्दाम लहान लहान खोल्या बांधविल्या आणि त्यांत आजारी व निरोगी गिनीपिग एकत्र सोडले. खोल्या झाडल्या नाहीत. मलमूत्र तेथेच राहू दिले. अन्न एकाच जागी खाऊ दिले. पिसवा होत्या तेव्हा साथ पसरली. पिसवा नव्हत्या तेव्हा ती पसरली नाही. इतकेच नव्हे, तर प्लेगने आजारी असलेल्या मातांनी आपल्या पिलांस पाजले, आणि पिसवांचा उपद्रव नसताना त्या पिलांस मातेपासून रोग झाला नाही. पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर आतला प्राणी रोगाने पकडला जाई. दोन फुटांवर टांगला तर तो सुरक्षित राही, कारण तेवढी उडी पिसवेला साधत नाही. उंदरांविषयीही हेच: पिसवा एका उंदरावरून दुसऱ्यावर नेऊन सोडल्या असता रोगही त्यांच्याबरोबर गेला. मुंबईत हजारोंनी पकडलेले व मेलेले उंदीर तपासून आयोगाने असेही दाखविले की, साथ आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत होते, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत शिरते, आणि त्यानंतर माणसांवर येते.

याचा अर्थ काय? हिंदुस्थानात ज्या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्या रोगाबद्दल सहवासावर ठेवलेला आरोप बहुतांशी खोटा ठरला. बहुतांशी असे म्हणावयाचे कारण, फुप्फुसांत शिरणारा प्लेग श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जातो. परंतु तो प्रकार येथील साथींत थोडा होता. गाठीच्या प्लेगात अपराधी होती ती पिसू. आईने पिलाला पाजणे निर्दोष होते. छावणीतील ताटातुटीचा उपयोग काही झाला असेल तर तो माणसे पिसवांनी भरलेल्या घरातून बाहेर पडली म्हणून झाला, ती आप्तांपासून वेगळी केली म्हणून नव्हे. आणि तो लाभ माळावरच्या झोपडीत सर्व कुटुंबाने एकत्र राहूनही होत होता. परळचे हे निष्कर्ष १९०६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. पुण्याच्या घराघरांत झालेल्या ताटातुटीला ते दहा वर्षे उशिरा लाभले.

आता पांढऱ्या उंदराकडे येऊ. आपल्याकडे उंदीर पडत होते त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला तो घरात लाडका होत होता. जपानात तर अठराव्या शतकातच ओसाकाच्या व्यापारी लोकांत रंगीबेरंगी उंदीर पाळण्याची आवड होती. १७७५ आणि १७८७ साली तेथे उंदरांच्या जोपासनेवर पुस्तकेही निघाली. लंडनात उंदीर पकडण्याचा धंदा करणारा जॅक ब्लॅक हा पकडलेल्या उंदरांतून पांढरे व चित्रविचित्र रंगाचे निवडून त्यांची पैदास करी आणि ते शौकिनांस विकी, असे हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नोंदविले आहे. १९०१ साली मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीने इंग्लंडातील प्रदर्शनात उंदरांस प्रथम स्थान मिळाले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री डोनाल्डसन आणि हेलन डीन किंग यांनी १९०६ नंतरच्या काळात पांढऱ्या उंदरांची शास्त्रीय पैदास चालविली, आणि तेथून तो जगातील प्रयोगशाळांत पोहोचला.

प्रयोगशाळेने उंदराला स्वच्छ पिंजरा, मोजके अन्न आणि रोगांपासून संरक्षण दिले. परंतु पुष्कळदा त्याचा सोबती काढून घेतला. यात दुष्टपणा नव्हता, सोय होती. प्रत्येक उंदराने किती खाल्ले, किती पाणी प्याले, त्याचे वजन किती वाढले हे टिपावयाचे तर एका पिंजऱ्यात एक उंदीर ठेवणे सोपे पडते. या प्रयोगांचे ऋण आपल्यावर आहे, आणि पिंपरीकरांनी तर ते विसरता कामा नये. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली परीक्षा झाली ती आठ लहान उंदरांवर. त्यांतील चौघांस औषध दिले. तेच पेनिसिलिन हिंदुस्थानात करण्यासाठी भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापिला. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे प्लेगवरील पहिल्या खऱ्या गुणकारी औषधांपैकी एक. ज्या चिंचवडच्या पुत्रांचे चरित्र प्लेगच्या साथीशी कायमचे जोडले गेले, त्याच्या शेजारच्या गावात अर्धशतकानंतर त्या रोगावरचे औषध निघू लागले.

एकट्या पिंजऱ्याची ही सोय उंदराला काय भोवते, हे हळूहळू प्रयोग करणारांच्याच ध्यानात येऊ लागले. १९७० नंतरच्या दशकात कॅनडातील ब्रूस अलेक्झांडर याने एकेकट्या पिंजऱ्यांतील उंदीर आणि प्रशस्त आवारात सोबत्यांसह राहणारे उंदीर अशा दोघांपुढेही अफूच्या अर्काचे पाणी ठेवले. एकटे उंदीर ते पुष्कळ अधिक पीत. हा प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा सर्वांस तोच निकाल मिळाला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु त्याने उपस्थित केलेली शंका पुन्हा बुजली नाही. याक पँकसेप याने दाखविले की, खेळताना किंवा माणसाने गुदगुल्या केल्या असता उंदीर आपल्या कानाला ऐकू न येणारा एक अतिबारीक स्वर काढतात, आणि तो आनंदाचा आहे. २००९ साली शिकागोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की, एकट्या ठेवलेल्या माद्यांच्या अंगी भीतीची लक्षणे अधिक दिसली आणि त्यांना होणाऱ्या स्तनांच्या गाठी सोबतीने राहणाऱ्या माद्यांहून कितीतरी मोठ्या प्रमाणात वाढल्या. २०११ साली त्याच विद्यापीठात आणखी एक प्रयोग झाला. एका उंदराला अरुंद नळीत कोंडले, आणि त्याच्या पिंजऱ्यातील सोबत्याला बाहेर मोकळे सोडले. बाहेरच्याने खटपट करून नळीचे दार उघडावयास शिकून घेतले. पुढे त्याच्यासमोर चॉकलेटचे तुकडे असलेली दुसरी नळी ठेवली, तेव्हा त्याने बहुधा दोन्ही नळ्या उघडल्या आणि खाऊ सोबत्याबरोबर वाटून घेतला. या वागणुकीला दया म्हणावे की आणखी काही म्हणावे याविषयी पंडितांत वाद आहे; परंतु सोबत्याचे असणे-नसणे उंदराला सारखेच वाटते, असे यापुढे कोणी म्हणू शकणार नाही.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर सहवासाचे हे स्तोत्र एकांगी होईल. सहवास म्हणजे गर्दी नव्हे. १९४७ साली अमेरिकेतील जॉन कॅल्हून याने सुमारे पाव एकराच्या, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांच्या, कुंपण घातलेल्या आवारात पाच गाभण माद्या सोडल्या. अन्नपाणी मुबलक असताना दोन वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तेथील उंदीर दीडशेच्या आसपासच राहिले. कारण त्यांनी आपले लहान लहान गट पाडले, आणि परस्परांच्या कलहात पिले जगेनाशी झाली. पुढे कोंदट जागांत त्याने दाटी वाढविली तेव्हा उंदरांचे आचरण पार बिघडून गेले. तसेच, उंदराला उंदीर प्रिय असला तरी प्रत्येक उंदीर प्रिय नसतो. आपल्या वसाहतीच्या वासाचा नसलेला परका आत आला तर मोठे नर त्याच्यावर तुटून पडतात. एवंच, उंदराला हवे असते ते ओळखीचे, थोडके आणि कायमचे संगतीतले गोत.

यावरून आरंभीच्या घरगुती वादाचा निवाडा करता येईल. आईची शंका सर्वांत व्यावहारिक आहे आणि ती खरीही आहे. नर-मादीची जोडी आणली तर तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर आठदहा पिले होतात आणि ती पाचसहा आठवड्यांत स्वतः वयात येऊ लागतात. परंतु सोबत म्हणजे जोडपे नव्हे. दोन माद्या किंवा दोन नर, शक्य तर एकाच वेतातले, लहानपणापासून एकत्र वाढलेले घेतले म्हणजे ही अडचण राहत नाही. वडिलांची शंका खर्चाची. तर दोन उंदरांचे दाणे एकाहून फार अधिक होत नाहीत, मात्र पिंजरा प्रशस्त हवा. घरात आधीच एक मोठा उंदीर असेल तर नवख्याला एकदम त्याच्या पिंजऱ्यात टाकू नये. काही दिवस शेजारी ठेवून, वासाची ओळख होऊ देऊन, दोघांस परक्या असलेल्या जागी प्रथम भेटवावे. अतिशय भांडखोर, आजारी किंवा जराजर्जर उंदीर हा अपवाद होऊ शकतो. परंतु अपवाद म्हणूनच. आणि सोबत हवी म्हणून गटारातला किंवा माळ्यावरचा उंदीर पकडून आणण्याचा विचार कोणी स्वप्नातही करू नये. लेप्टोस्पायरोसिससारखे रोग आणि अंगावरील पिसवा तो घेऊन येईल. आणि पिसवांनी या देशास काय शिकविले ते वर सांगितलेच आहे.

उरला मुलाचा दावा: 'मी आहे की त्याच्या सोबतीला.' हा दावा सर्वांत गोड आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सर्वांत विचारपूर्वक दिले पाहिजे. मुलाची माया खोटी नाही. पाळीव उंदराला माणसाचा लळा लागतो, तो नाव ओळखतो, खांद्यावर बसतो. एकटा ठेवलेला उंदीर पुष्कळदा माणसाला अधिकच बिलगतो. आणि नेमकी हीच गोष्ट एकट्या उंदराच्या बाजूने पुरावा म्हणून पुढे केली जाते. परंतु ज्याला दुसरे कोणीच ठेवलेले नाही त्याने आपल्याला बिलगावे यात आपल्या प्रेमाचा विजय कितीसा? मुलगा शाळेत आणि शिकवणीला जातो. आईवडील कारखान्यात किंवा कचेरीत. आणि घर निजते तेव्हा उंदराचा दिवस सुरू होतो. त्याच्या भाषेतला तो बारीक स्वर आपल्या कानाला पोहोचत नाही. त्याच्या मानेमागचा केस ज्या निगुतीने दुसरा उंदीर साफ करील तशी आपली बोटे करू शकत नाहीत. मुलाने उंदराचा मित्र अवश्य व्हावे. त्याने उंदराचा एकमेव आप्त होण्याचा आग्रह मात्र धरू नये. दोन उंदीर पाळणाऱ्या मुलावरची त्यांची माया कमी होत नाही. एवढेच होते की, ती माया गरजेपोटी राहत नाही.

आपल्या देशात १९६० साली प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि प्रयोगशाळांतील प्राण्यांसाठी त्याअन्वये जी समिती नेमली गेली तिच्या मार्गदर्शक सूचनांत समूहाने राहणाऱ्या प्राण्यांस शक्यतो समूहानेच ठेवावे, असे म्हटले आहे. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत सहजीवी प्राण्यांस स्वजातीयांची संगत मिळावी असे बंधनच घातले. म्हणजे ज्या प्रयोगशाळेने सोयीसाठी उंदराचा सोबती काढून घेतला होता, तीच आता तो परत देऊ लागली आहे. मायेने उंदीर आणणाऱ्या घराने तिच्याही मागे राहावे, हे शोभणारे नाही.

पुण्याच्या प्लेगच्या काळी अधिकारी माणसांपुढे हाच प्रश्न मोठ्या आणि भयंकर रूपात उभा होता: दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला त्याच्या आप्तांपासून तोडण्याचा अधिकार आपल्याला कोठवर आहे? त्यांनी आपल्या सोयीने आणि अपुऱ्या ज्ञानाने उत्तर दिले, आणि त्याची किंमत पुणे-चिंचवडच्या घरांनी मोजली. माणसाच्या दुःखाची आणि उंदराच्या एकटेपणाची बरोबरी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु विचार करण्याची सवय एकच असते. ती मोठ्या प्रसंगी हवी असेल तर लहान प्रसंगी लावून घ्यावी लागते. पिंजऱ्यासमोर बसून 'याला काय हवे आहे' असे स्वतःच्या सोयीपलीकडे जाऊन विचारणारे मूल त्या सवयीचा पहिला धडा गिरवीत असते. आईवडिलांनी त्याला दुसरा उंदीर आणून द्यावा.